शिकवणीच्या वर्कशीटसाठी प्रिंटर: इंक टँक की लेझर?

गणितवाली_सुदामानगर

इंदुरात घरीच सहावी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. महिन्याला साधारण ४०० पानं छापली जातात, सगळी काळी: समीकरणं, शाब्दिक उदाहरणं, भूमितीच्या आकृत्या. रंगीत पानं वर्षाकाठी पंधरा-वीस. मे ते जूनच्या मध्यापर्यंत सुट्ट्या असतात, तेव्हा प्रिंटर नुसता पडून राहतो. म्हणजे वर्षाचे दहाच महिने काम धरा.

सध्या कार्ट्रिजवाला इंकजेट आहे. काळं कार्ट्रिज नऊशेच्या घरात पडतं, खोक्यावर ४८० पानं लिहिलेली असतात आणि निघतात तीनशेच्या आसपास. सिल्व्हर मॉलमध्ये चौकशी केली तर एका दुकानात म्हणाले, "लेझर घ्या, रिफिल करत राहा, पंचवीस पैशांत पान." दुसऱ्या दुकानात म्हणाले, "लेझर कशाला, टँक घ्या, दहा पैशांत पान." या आकड्यांत कितपत तथ्य आहे? बजेट १५ हजार, फार ओढलं तर १८. घरी इन्व्हर्टर आहे, वीज गेल्यावरही छापता आलं तर बरं. जुना लेझर चार-पाच हजारांत मिळतोय, तो घ्यावा का?

हिशेबनीस

ताई, दोघंही खोटं बोलले नाहीत, फक्त आपल्या सोयीचं तेवढंच बोलले.

आधी तुमची ४८० ची तीनशे कशी होतात ते बघू. खोक्यावरचा आकडा ठरावीक नमुना पानं सलग छापून काढलेला असतो. इंकजेटसाठी आयएसओ/आयईसी २४७११ हे मानक, काळ्या टोनरसाठी, म्हणजे लेझरच्या पावडरीसाठी, १९७५२. टोनरच्या नमुना पानावर जेमतेम पाच टक्के जागा काळी होते, म्हणजे चार परिच्छेदांचं पत्र समजा. तुमच्या वर्कशीटवर वर क्लासचा ठळक मथळा, खाली जाड चौकटी आणि मध्ये काळा भरलेला वर्तुळखंड असेल तर सात-आठ टक्के सहज होतात. त्यात इंकजेट सुरू होताना थोडी शाई हेड (शाई फवारणारा भाग) साफ करण्यात घालवतो. सलग छापणाऱ्याला ते जाणवत नाही, रोज दहा-पंधरा पानं काढणाऱ्याला जाणवतं.

म्हणून खाली इंकजेटसाठी छापील आकड्याच्या दोन तृतीयांश आणि लेझरसाठी तीन चतुर्थांश पानं धरली आहेत. लेझरमध्ये असं हेड साफ करण्यात टोनर जात नाही. किमती मी गोल धरल्यात, तुम्हाला मिळालेला भाव घालून पुन्हा मांडा. वर्षाची पानं ४,०००.

आजचं कार्ट्रिज: ९०० रुपयांत ३२० पानं, पानाला २ रुपये ८० पैसे. वर्षाला सव्वाअकरा हजार.

टँक: एप्सनच्या एल३२१० किंवा एल३२५० ला ००३ ची ६५ मिलीची काळी बाटली लागते, छापील आकडा ४,५०० पानं. बाटली ४०० ची धरली आणि ३,००० पानं धरली तर पानाला १३ पैसे. वर्षाला ५३० च्या आसपास.

लेझर, अस्सल टोनर: एचपीचं १२ए किंवा कॅननचं ३०३, दोन्ही २,००० पानांची. साडेपाच हजारांत १,५०० पानं, म्हणजे पानाला ३ रुपये ६५ पैसे. हे तुमच्या आजच्या कार्ट्रिजपेक्षाही महाग! लेझर स्वस्त असं सरसकट सांगणारे हे सांगत नाहीत.

लेझर, रिफिल: ३०० रुपयांत १,५०० पानं म्हणजे २० पैसे. तीन रिफिलमागे एकदा ड्रम (पावडर कागदावर उमटवणारा दंडगोल) आणि तो पुसणारी ब्लेड बदलायला ३०० धरले की आणखी सात पैसे. एकूण २७ पैसे, वर्षाला १,०७० च्या आसपास.

टँक आणि रिफिलचा लेझर यांत फरक पडला वर्षाला साडेपाचशेचा, महिन्याला पन्नासही नाही. एवढ्यासाठी डोकं शिणवायची गरज नाही. खरा खर्च कागदाचा आहे, आणि तो दुकानात कोणी काढत नाही. ७५ जीएसएमचं ५०० कागदांचं रीम २८० ला धरलं तर एक कागद ५६ पैशांना पडतो. शाईच्या चौपट! ४,००० पानं एका बाजूनं छापली तर आठ रीम, २,२४० रुपये. दोन्ही बाजूंनी छापली तर चार रीम, १,१२० वाचले. म्हणून माझ्या मते प्रिंटर कुठलाही घ्या, पण आपोआप दोन्ही बाजू छापणारा घ्या. वर लिहिलेल्या एल३२१० आणि एल३२५० मध्ये ती सोय नाही, हातानं कागद उलटावा लागतो. ब्रदर आणि एचपीच्या लेझरमध्ये मॉडेलच्या नावाच्या शेवटच्या अक्षरांत डी असेल तर ड्युप्लेक्स, एन असेल तर नेटवर्क, डब्ल्यू असेल तर वाय-फाय, असं बहुतेक ठिकाणी असतं. तरी खोक्यावर वाचून घ्या.

खोलून_बघणारा

हिशेबनीसांचे आकडे ठीक आहेत, पण रिफिलचे २० पैसे तेव्हाच पडतात जेव्हा रिफिल नीट होतं. निम्म्या ठिकाणी ते नीट होत नाही.

१२ए सारख्या कार्ट्रिजमध्ये दोन कप्पे असतात. एकात नवी पावडर, दुसऱ्यात वायपर ब्लेडनं ड्रमवरून खरवडलेली वाया गेलेली पावडर. घरी येऊन दहा मिनिटांत भरून देणारा मुलगा पुष्कळदा भोक पाडून नवी पावडर ओततो आणि दुसऱ्या कप्प्याला हातच लावत नाही. दोन-तीन रिफिलनंतर तो कप्पा भरतो, पावडर बाहेर येते, कागदावर काळे ठिपके आणि पट्टे पडू लागतात आणि मग "ड्रम गेला" म्हणून आणखी पैसे मागितले जातात. समोर बसून दोन्ही कप्पे वेगळे करायला लावा, जुनी पावडर काढायला लावा, नवी पावडर त्याच कार्ट्रिजच्या नावाची आहे का ते पुडीवर वाचा. "सगळ्यांना चालते" अशी पावडर नको. ती नीट वितळली नाही तर बोटानं अक्षरं पुसली जातात.

बिघाड कागदावरून ओळखता येतो. ठिपका किंवा डाग दर ७५ मिमीवर येतोय तर ड्रम. दर ३८ मिमीवर येतोय तर ड्रमला विद्युतभार देणारा चार्ज रोलर, ज्याला दुकानात पीसीआर म्हणतात. वरपासून खालपर्यंत एकच बारीक काळी रेघ असेल तर ड्रमवर ओरखडा किंवा वायपर ब्लेडला खाच. पानाची एकच बाजू फिकी पडत असेल तर पावडर संपत आलीय किंवा एका बाजूला सरकलीय. कार्ट्रिज काढून आडवं धरून पाच-सहा वेळा हलकं हलवा, आणखी थोडी पानं निघतील. पूर्ण पान करडं दिसत असेल तर पावडर किंवा डॉक्टर ब्लेड, म्हणजे पावडरचा थर सारखा करणारी पट्टी. हे अंतर पट्टीनं मोजून दुकानात गेलात तर समोरचा उगाच सगळे पार्ट बदलायला सांगणार नाही. आकडे १२ए आणि ३०३ चे आहेत, दुसऱ्या कार्ट्रिजमध्ये रोलरच्या जाडीप्रमाणे बदलतात.

पावडर सांडली तर गार पाण्यानं पुसा, गरम पाण्यानं ती चिकटते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, इतकी बारीक पावडर फिल्टरमधून आरपार जाऊन खोलीभर होते. ड्रमला हात लावायचा नाही, उजेडातही फार वेळ उघडा ठेवायचा नाही.

नवा घेणार असाल तर ड्रम आणि टोनर वेगळे असलेला बघा. ब्रदरच्या एचएल-एल२३२१डी मध्ये टोनर टीएन-२३६५ हे २,६०० पानांचं आणि ड्रम डीआर-२३६५ हा १२,००० पानांचा. तुमच्या वापराला ड्रम तीन वर्षं जातो आणि रिफिल करताना त्याला कोणाचा हात लागत नाही. त्यांच्याच बी मालिकेत टीएन-बी०२१ टोनरही २,६०० चं, ड्रम १२,००० चा. या ड्रम युनिटवर एक छोटी हिरवी खिट्टी असते. पानावर उभी रेघ दिसली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सात वेळा सरकवायची, आतली कोरोना वायर (ड्रमला विद्युतभार देणारी तार) साफ होते. मग खिट्टी बाणाच्या खुणेवर परत आणून ठेवायची. मध्येच राहिली तर जाड काळा पट्टा उमटतो आणि लोक टोनर बदलून बसतात.

चिपचं, म्हणजे मशीनला कार्ट्रिज ओळखू देणाऱ्या छोट्या चकतीचं, आधी विचारा. १२ए ला चिपची भानगड नाही. एचपीच्या १०८ आणि १३६ मालिकेतल्या ११०ए कार्ट्रिजला चिप आहे, आणि डायनॅमिक सिक्युरिटी असलेल्या मॉडेलवर दुसऱ्या कंपनीची चिप एखाद्या अपडेटनंतर चालेनाशी होऊ शकते. कंपनी हे स्वतःच लिहिते, लपवत नाही. रिफिलच्या हिशेबानं मशीन घेत असाल तर हे आधी वाचा.

वायरिंगवाला_भिया

फक्त इन्व्हर्टरचं सांगतो. लेझरचा फ्यूझर, म्हणजे पावडर वितळवून कागदाला चिकटवणारा भाग, दोनशे अंशांच्या आसपास तापतो. तापताना क्षणभर ८०० ते १,००० वॉट ओढतो, नंतरही छापताना थांबून थांबून ओढतो. ६०० व्हीएचा कॉम्प्युटरवाला यूपीएस लगेच ओरडून बंद पडेल. घरचा ८५०-९०० व्हीएचा इन्व्हर्टर पंखे-दिवे चालू असताना ओव्हरलोड होईल, आणि स्क्वेअर वेव्हवाला असेल तर लावूच नका. लेझरला थेट भिंतीतला १६ अँपियरचा पॉइंट द्या, एक्स्टेंशनच्या पट्टीवर कूलरबरोबर नको. टँक प्रिंटर छापताना दहा-पंधरा वॉट खातो, इन्व्हर्टरवर निर्धास्त चालवा. विजेच्या बिलात ४०० पानांना दोन्हींत काही फरक जाणवणार नाही, तो मुद्दा सोडून द्या.

गणितवाली_सुदामानगर

कागदाचा हिशेब डोक्यातच आला नव्हता. मग प्रश्न सुट्टीचा उरला. दीड महिना बंद राहिल्यावर टँकचं काय होतं? आणि मुलं वर्कशीटवर हायलायटर मारतात, पाण्याच्या बाटल्या दप्तरातच असतात.

शाईपेटी

हायलायटर आणि पाणी म्हणालात तर शाईचा प्रकार बघावा लागेल. ००३ मधली काळी शाई डाय प्रकारची आहे, पाण्यात विरघळते. हायलायटर फिरवला की अक्षर ओघळतं, आणि ७० जीएसएमच्या कागदावर मागच्या बाजूला उमटतं, मग दोन्ही बाजूंनी छापायचं म्हटलं तरी वाचायला त्रास. कॅननच्या जी मालिकेतली जीआय-७९० काळी आणि एचपी स्मार्ट टँकची जीटी५३ काळी या पिगमेंट शाया आहेत, कागदावर वरच बसतात. जीआय-७९० ची बाटली १३५ मिली आणि ६,००० पानांची, जीटी५३ ची ९० मिली आणि ४,००० पानांची. एप्सनलाही नुसत्या काळ्याची एम मालिका आहे: एम११४० ला ००५ ची १२० मिलीची पिगमेंट बाटली, ६,००० पानं, आपोआप ड्युप्लेक्स. रंगीत नको असेल तर लेझरला खरी टक्कर याची आहे, एल३२१० ची नाही. लेझरचा टोनर मात्र वितळून कागदाला चिकटलेला असतो, त्याला पाण्याची फिकीर नाही. हे मान्य.

आता सुट्टी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, पारा चाळिशीपार. हेडच्या तोंडाशी शाई वाळते ती याच दिवसांत. दीड महिना पूर्ण बंद ठेवलात तर जूनमध्ये नोझल चेकच्या (हेडची छिद्रं तपासायच्या चाचणी पानाच्या) जाळीत तुटक रेघा दिसतील. त्यावर लोक दहा वेळा हेड क्लीनिंग मारतात, आणि तिथेच नुकसान होतं. क्लीनिंग तीनदा करा, दर वेळी नोझल चेक काढून बघा. तरी सुधारलं नाही तर बंद करून निदान १२ तास तसाच सोडा, वाळलेली शाई भिजून मऊ होते, मग परत एकदा. पॉवर क्लीनिंग, म्हणजे भरपूर शाई ओढून केलेली जोरदार सफाई, हा शेवटचा उपाय, त्यात टाकीतली पातळी डोळ्यांदेखत उतरते. पातळी खालच्या रेघेखाली असताना तो चालवला तर नळीत हवा शिरते आणि काम आणखी वाढतं.

क्लीनिंगची सगळी शाई आतल्या पॅडमध्ये जाते. पॅड भरल्याचा हिशेब मशीन ठेवतं, आणि मर्यादा आली की दिवे लुकलुकून छपाई थांबते. बाजारात शे-दोनशे घेऊन नुसता काउंटर रीसेट करून देतात. पॅड न बदलता रीसेट केलं तर कधीतरी टेबलावर शाई येते. पॅड बदलूनच रीसेट करायला सांगा. काही वरच्या मॉडेलांना पॅडऐवजी मेंटेनन्स बॉक्स (वाया गेलेल्या शाईचा डबा) असतो, तो दोन मिनिटांत घरी बदलता येतो. घेताना हे नक्की विचारा.

आणखी एक फरक. एप्सनचं हेड मशीनमध्येच पक्कं बसवलेलं, ते गेलं तर खर्च इतका येतो की लोक मशीनच बदलतात. कॅनन जी आणि स्मार्ट टँकमध्ये हेड हातानं काढून नवं बसवता येतं.

आणि प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद करा, भिंतीवरच्या स्विचनं नाही. बटणानं बंद केला तर हेड जाग्यावर जाऊन टोपी बसते. तसं न होता वीज तोडली तर हेड उघडं राहतं.

झेरॉक्स_भंवरकुआँ

प्रिंटरच्या किमतीचं कोणीच बोलत नाहीये. पान एक रुपयाला झेरॉक्स करून मिळत असेल तर ४,००० पानांचे ४,००० रुपये. हिशेबनीसांच्या आकड्यानं टँक अधिक कागद एका बाजूनं २,७७० होतात. वाचले १,२३०. चौदा हजारांचं मशीन वसूल व्हायला अकरा वर्षं! आज कार्ट्रिजवर जातंय त्या तुलनेत मात्र सव्वा वर्षात वसूल. म्हणजे कार्ट्रिज थांबवा हे नक्की, पण एक मूळ प्रत घरी काढून बाकीच्या प्रती भंवरकुआँला करून आणणं हाही पर्याय आहेच. तिथे कोचिंगवाल्यांमुळे घाऊक भाव याहून कमी लागतो, तीस-चाळीस प्रतींचा गठ्ठा नेला तर बोलून बघा.

हिशेबनीस

बरोबर आहे, फक्त पैशांचं बघितलं तर. पण शिकवणीत आज संध्याकाळी कोणाचं काय अडलं त्यावर उद्याचं वर्कशीट ठरतं. एका बॅचला बारा प्रती, दुसरीला नऊ, प्रत्येक वेगळी. त्यासाठी स्कूटर काढून जायचं तर पेट्रोलही हिशेबात धरा. वार्षिक सराव-संच, चाळीस पानांचे, ते खुशाल झेरॉक्सला द्या.

खोलून_बघणारा

जुन्या लेझरचं राहिलं होतं. बाजारात जुने म्हणून बहुतेक एचपी १०२०, एम१००५ आणि कॅनन एलबीपी२९०० मिळतात. मशीनं दणकट आहेत, पार्ट जेल रोडपासून सिल्व्हर मॉलपर्यंत कुठेही मिळतात. पण तिन्ही फक्त यूएसबीवर चालतात, फोनवरून थेट छपाई नाही, आपोआप ड्युप्लेक्स नाही. म्हणजे हिशेबनीसांचे ११२० रुपये हातानं कागद उलटून वाचवावे लागतील. लेझरमधून नुकतं निघालेलं पान गरम आणि वाकलेलं असतं. लगेच दुसऱ्या बाजूला घातलं तर अडकतं किंवा दोन कागद एकदम ओढले जातात. गठ्ठा सपाट दाबून गार होऊ द्या, कडा पंख्यासारख्या फुलवा, मग घाला.

घ्यायचाच तर दुकानात स्वतःचे कोरे कागद न्या आणि निदान वीस पानं सलग काढायला लावा. पहिल्या चार-पाच पानांत फ्यूझरचा दोष लपतो. पान बाहेर आल्याबरोबर अक्षरांवर अंगठा घासा. पुसलं तर फ्यूझरची फिल्म, ज्याला सगळे टेफ्लॉन म्हणतात, ती गेलीय. कागद ओढताना घसरल्याचा आवाज येत असेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झालाय, हा स्वस्तातला पार्ट आहे, त्यावर भाव पाडून घ्या. लिनक्स वापरत असाल तर १०२० ला चालू केल्यावर दर वेळी फर्मवेअर पाठवावं लागतं आणि २९०० चा कॅप्ट ड्रायव्हर डोकं खातो. विंडोजवर दोन्ही चालतात.

माझं मत विचाराल तर १५ हजारांत ड्रम-टोनर वेगळा असलेला, ड्युप्लेक्सवाला नवा काळा लेझर. इन्व्हर्टरचा आग्रह सोडा, रंगीत पंधरा-वीस पानं बाहेरून काढा.

शाईपेटी

आणि माझं मत एम११४० सारखा पिगमेंटवाला, बजेटमध्ये बसला तर. वीज गेली तरी बॅच थांबत नाही. मात्र सुट्टीत दर आठवड्याला एक नोझल चेक काढायला घरात कोणीतरी हवं. सगळेच गावाला जात असाल तर मी माझा हट्ट सोडतो, लेझर घ्या. तो दीड महिन्यानंतरही पहिलं पान नीट काढेल.

एक गोष्ट दोघांनाही लागू, आणि ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात हमखास विसरली जाते: कूलर. कूलरच्या झोतातल्या खोलीत कागद उघडा राहिला की दमट होतो, श्रावणातल्याइतका. टँकमध्ये अशा कागदावर शाई पसरते. लेझरमध्ये फ्यूझरखाली त्यातली ओल वाफ होऊन निघते, कागद वळतो, अडकतो, मध्येच फिके डाग पडतात. लोक तेव्हा टोनर बदलायला धावतात. ट्रेमध्ये दोन दिवसांपुरताच कागद ठेवा, उरलेलं रीम त्याच्याच मेणकागदी वेष्टनात गुंडाळून कपाटात.

गणितवाली_सुदामानगर

मे महिन्यात आम्ही सगळेच उज्जैनला सासरी असतो, आठवड्याला नोझल चेक काढायला घरात कोणी नसेल. म्हणजे ड्युप्लेक्स लेझर. शनिवारी सिल्व्हर मॉलला जाऊन टोनरचा, ड्रमचा आणि रिफिलचा, तिन्हींचा भाव लिहून आणते.

खोलून_बघणारा

चौथाही विचारा: खोक्यात येणारं टोनर पूर्ण आहे की स्टार्टर. काही लेझरमध्ये पहिलं टोनर कमी पानांचं असतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत संपलं की मशीनलाच दोष दिला जातो. बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या, शेवटच्या अक्षरांसकट.